दंड

या गोष्टीतल्या पोराला नाव नाही. म्हणजे नाव होतं. बारशाला आत्यानं कानात सांगितलेलं, शाळेच्या हजेरीत गुरुजींनी लिहिलेलं. पण आपल्याकडे 2015 चा बाल न्याय कायदा आहे आणि त्याचं 74 वं कलम सांगतं, की अठराच्या आतल्या लेकराच्या हातून गुन्हा घडला तर त्याचं नाव, गाव, शाळा, फोटो, ज्यावरून ते ओळखू येईल असं काहीही छापू नये, पसरवू नये. जो पसरवेल त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझी गोष्ट रचलेली आहे, तेव्हा ते कलम मला लागत नाही. तरी मी ते पाळणार आहे. गाव तेवढं सांगतो, कारण गोष्टीला माती लागते. साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली.

दिवाळी होऊन गेली होती. सोयाबीन विकून झालं होतं, आणि ज्यांच्या विहिरीला पाणी होतं त्यांचा हरभरा बोटभर वर आला होता. गावाच्या कडेला एका म्हातारीचं तीन एकर रान होतं. नवरा गेलेला, लेक पुण्याला कंपनीत. विहीर तिची, पाच एचपीची मोटार तिची, आणि रात्रीची लाईन आली की बॅटरी घेऊन पाण्याला जाणारीही तीच.

रानाच्या अलीकडच्या वस्तीत दोन घरची दोन पोरं राहायची. थोरला पोलीस भरतीची तयारी करायचा. पहाटे सडकेवर 1600 मीटर पळायचा, आणि धाकटा हातात मोबाईल धरून त्याची वेळ मोजायचा. धाकट्यानं दहावीनंतर शाळा सोडली होती. बाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचा तो उन्हाळ्यातच यायचा. थोरला सांगेल ती पूर्वदिशा, असं त्याचं चाललं होतं. थोरल्याला बूट घ्यायचे होते, अकॅडमीची फी भरायची होती.

तिसरा एक होता. भंगाराचा धंदा करणारा, चाळिशीचा. त्यानं दोघांना चहा पाजला आणि विहिरीवरची मोटार, केबल आणि तांब्याचा भाव एका दमात सांगितला. धाकटा गप्प बसलेला पाहून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"भेतो कामून? तुला अठरा झाले नाहीत. तुला काही होत नाही."

या तीन शब्दांनी आपल्या मुलुखातली किती पोरं बुडाली असतील! काही होत नाही. हे शब्द पोराला पोर कधी सांगत नाही. ते सांगणारा नेहमी मिशी फुटलेला असतो आणि स्वतः अंधारात मागं उभा असतो.

त्या रात्री दोघांनी म्हातारीची मोटार खोलली, केबल कापली आणि ओढ्यात नेऊन तारेवरचं रबर जाळलं. पहाटे भंगारवाल्यानं दोघांच्या हातावर पंधराशे-पंधराशे टेकवले. म्हातारीला नवी मोटार आणि केबल पंचवीस हजारांच्या घरात जाणार होती.

सकाळी म्हातारीचा आक्रोश सगळ्या वस्तीनं ऐकला. ती कुणाला शिव्या देत नव्हती. विहिरीच्या कठड्यावर बसून ती नुसतं, "मह्या हरभऱ्याला आता पाणी कोण देईल हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. धाकट्याच्या मायनं ते ऐकलं आणि धुणं घेऊन दगडाकडं गेली. पोराचा शर्ट भिजवायच्या आधी खिसे चाचपायची तिची सवय. खिशात पाचशेच्या तीन नोटा निघाल्या. तिनं शर्ट नाकाशी धरला. जळक्या रबराचा वास होता आणि कॉलरला काजळी होती.

ती घरात आली. पोरगं चादर ओढून झोपलं होतं, म्हणजे झोपल्यासारखं करत होतं. तिनं नोटा त्याच्या उशाशी ठेवल्या.

"कुणाची रं मोटार?"

त्यानं पाच मिनिटांत सगळं सांगितलं. वर म्हणाला, "माय, मला काही होत नाही. मी अठराच्या आत हाये."

"तुहं वय सरकार मोजंल," माय म्हणाली. "उठ, तोंड धू."

आणि तिनं त्याला हाताला धरून पोलीस पाटलाच्या घरी नेलं. गावात दुपारपर्यंत झालं, की आईनंच लेकराला बुडवलं. मला विचाराल तर या गोष्टीत त्या दिवशी लेकराला कुणी वाचवलं असेल तर तिनंच. भंगारवाला त्याला दुसऱ्या विहिरीवर नेण्याआधी तिनं त्याचा हात धरला.

आता एकाच केबलची दोन टोकं धरणाऱ्या दोघांची वाट कशी फुटली ते बघा.

धाकट्याला न्यायला बाल कल्याण पोलीस अधिकारी आले ते साध्या कपड्यात. बेडी नाही, कोठडी नाही. कायद्यानं दोन्हीला मनाई आहे. एरवी अशा चोरीत एकटं लेकरू असतं तर रीतसर गुन्हाही नोंदला नसता, दैनंदिनीत माहिती लिहून ती बाल न्याय मंडळाकडं पाठवली असती. पण इथं सोबत मोठी माणसं होती, म्हणून गुन्हा नोंदला गेला. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला बाल न्याय मंडळापुढं उभं करायचं होतं.

थोरल्याला मात्र जीप आली. त्याची माय पाटलाच्या दारात डोकं आपटत होती. "मह्या लेकराला तरी कुठं अठरा झाले? होळीच्या दुसऱ्या दिवशी झालाय तो, होळीला अठरा होतील!" ती खोटं बोलत नव्हती. पण शाळेत नाव घालताना वय बसावं म्हणून त्याची जन्मतारीख 1 जून लावली होती. आपल्या खेड्यापाड्यांत निम्म्या माणसांचा वाढदिवस 1 जूनला येतो, त्यातलाच हा एक जून, तोही नऊ महिने आधीचा. ग्रामपंचायतीत जन्माची नोंद कुणी केली नव्हती. वयासाठी कायदा सगळ्यात आधी शाळेचा किंवा दहावीच्या बोर्डाचा दाखला बघतो, तो नसेल तर जन्मनोंद, आणि तीही नसेल तरच हाडांची तपासणी. शाळेचा दाखला होता. दाखल्यावर थोरला अठरा वर्षं पाच महिन्यांचा होता. लेकरू एक वर्ष लवकर शाळेत बसावं म्हणून कुणीतरी मायेनं टाकलेली तारीख त्याला बारा वर्षांनी कोठडीत घेऊन गेली. कायद्याला कुठंतरी रेघ ओढावीच लागते, हे मला समजतं. पण जन्माची नोंद वेळेत करा हो, हात जोडून सांगतो. त्या कागदाचं वजन कधी पडेल ते सांगता येत नाही.

हिंगोलीला मंडळापुढं उभं राहताना धाकट्याचे पाय लटपटत होते. त्यानं सिनेमातलं कोर्ट पाहिलं होतं. इथं आरोपीचा पिंजरा नव्हता, उंच चौथरा नव्हता. एका टेबलाशी तिघं बसली होती: एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांतल्या एक बाई. खुर्च्या त्याच्या खुर्चीएवढ्याच उंचीच्या. त्याला जामीन मिळाला. लेकराला जामीन द्यायचा हाच नियम आहे, गुन्हा जामीनपात्र असो वा नसो. सुटल्यावर ते गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्याच जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा न्यायाचाच हेतू फसेल असं दिसलं, तरच अडवतात. मायनं बंधपत्रावर अंगठा उठवला.

पुढच्या आठवड्यात परिवीक्षा अधिकारी मॅडम घरी आल्या. चोरीबद्दल त्यांनी फार विचारलं नाही. शाळा कोणत्या महिन्यात सोडली, बाप असताना घरात कसं असतं, संध्याकाळी जेवायला कोण कोण असतं, असलं विचारत होत्या आणि लिहून घेत होत्या. पंधरा दिवसांत त्यांना हा अहवाल मंडळाला द्यायचा होता. चहा पिता पिता पोरानं धीर करून विचारलं, "मॅडम, मला काही होत नाही ना?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"कोण म्हणालं असं? तू मोटार चोरलीस, म्हणून तू इथं मायजवळ बसलास. कुणाचा जीव घेतला असतास, किंवा ज्याला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा आहे असं काही केलं असतंस, तर तुझ्यासारख्या सोळाच्या पुढच्या पोराला मंडळ आधी तपासतं. याला काय कळत होतं, परिणाम समजत होता का. आणि मग मोठ्या माणसासारखा खटला चालवायला बाल न्यायालयाकडं पाठवू शकतं. तिथं कैद होते. फाशी होत नाही, आणि सुटकेची आशाच नाही अशी जन्मठेपही होत नाही, बाकी सगळं होतं. आणि चोरीतसुद्धा मंडळ तुला तीन वर्षांपर्यंत विशेषगृहात ठेवू शकतं. काही होत नाही म्हणे!" मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "शिक्षा वेगळी आहे ती चोरी लहान म्हणून नाही. तू अजून वाढतोयस म्हणून."

"आणि तो? भंगारवाला?" मायनं विचारलं.

"लेकरांना गुन्ह्याला लावणाऱ्याला न्याय संहितेत तीन वर्षांच्या खाली शिक्षाच नाही, दहापर्यंत जाते. त्याला बाहेर यायची घाई नको."

चार महिन्यांत चौकशी संपवायची असते, फार तर दोन महिने वाढवून मिळतात. मंडळानं वेळेत आदेश दिला: समज, समुपदेशन, दवाखान्याच्या आवारात काही तासांची सामाजिक सेवा, आणि एक वर्ष चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर मायच्या ताब्यात. दर महिन्याला मॅडमना भेटायचं. आणि एक गोष्ट न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याला नीट समजावून सांगितली. अपिलाची मुदत सरली की या प्रकरणाचे कागद नष्ट होतात. उद्या नोकरीच्या फॉर्मवर हा डाग लागायचा नाही. कायद्याच्या पहिल्या पानांवर जी तत्त्वं आहेत त्यात हे एक लिहिलेलंच आहे, की लेकराला पुन्हा कोऱ्या पाटीवर सुरुवात करू द्यावी.

कायद्यानं पाटी पुसली. गावानं मात्र आपली पाटी वेगळी ठेवली होती.

पेपरात बातमी आली ती बरोबर आली. 'एक विधिसंघर्षग्रस्त बालक ताब्यात,' एवढंच. पण त्याच रात्री गावातल्या एका ग्रुपवर पोराचा फोटो फिरला. पोलीस पाटलानं घरोघर जाऊन तो पुसायला लावला, 74 वं कलम वाचून दाखवलं. फोटो पुसला गेला. तोवर नाव पडून गेलं होतं. मोटऱ्या. पानटपरीवर मोटऱ्या, दळणाच्या रांगेत मोटऱ्या. चार वर्षांच्या पोरांना चोरीचं काहीच ठाऊक नव्हतं, तीही त्याला मोटऱ्यामामा म्हणायला लागली. कुणाची कोंबडी हरवली तरी आधी त्याच्या दाराकडं नजर जायची.

चहाच्या हॉटेलात पुण्याची गोष्ट निघायची. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या पोराच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, आणि त्याच दिवशी तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर त्याला जामीन मिळाला. "निबंध लिहा अन् सुटा, असा हा कायदा," लोक म्हणायचे. त्यांचा संताप खोटा नव्हता. दोन घरांतले दिवे विझले होते. पण त्याच प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून पोराच्या आईबापांना आणि डॉक्टरांना अटक झाली, हे बोलताना मागं पडायचं. लेकराला गाडीची किल्ली देणाऱ्या पालकाला मोटार वाहन कायद्यात 2019 पासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे, हेही कुणी काढायचं नाही. लेकराच्या गुन्ह्यात मोठ्या माणसाचा हात कुठं आहे ते शोधायला गेलं की बहुतेक वेळा सापडतो. आपल्याला ते शोधायचंच नसतं, कारण तो हात ओळखीचा निघतो.

आणि म्हातारी? कायद्याच्या गोष्टीत ज्याचं गेलं त्याला आपण लवकर विसरतो, म्हणून तिच्याकडं वळतो. जप्तीत तिला मोटारीचा रिकामा सांगाडा परत मिळाला. दोन पाण्याचा हरभरा त्या वर्षी एका पाण्यावर आला, घाटे निम्मे पोचट. लेकानं उसने पैसे पाठवून मोटार घेऊन दिली. मंडळाचा आदेश झाल्याचं कळलं तेव्हा तिनं धाकट्याच्या मायला विचारलं, "दंड काय केला म्हन्ते त्याला?"

मायनं सांगितलं. म्हातारी ऐकत राहिली.

"म्हंजी मपलं काय?"

मायकडं याचं उत्तर तयार होतं. आदेशात नव्हतं, तिच्या मनात होतं. जानेवारीपासून दर महिन्याला पाचशे ती देतच होती, कापूस वेचून, तूर सोंगून. निम्मे, म्हणजे साडेबारा हजार फिटेस्तोवर देणार होती. पैसे मात्र पोरानंच नेऊन द्यायचे, हा तिचा हट्ट. दर महिन्याला तो मान खाली घालून जायचा. म्हातारी नोटा मोजायची आणि मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर चुन्यानं एक रेघ ओढायची. त्याला बस म्हणायची नाही, पाणी विचारायची नाही. "आला का मोटऱ्या," एवढंच.

एकदा तो घरी येऊन रडला. "माय, कोर्टानं सोडलं, हे सोडत नाहीत."

"कोर्टाचं काही गेलं नव्हतं," माय म्हणाली. "तिचं गेलं होतं. जात राहा."

दंड शब्द आपल्याकडं दोन ठिकाणी राहतो. एक कचेरीत होतो, दुसरा रानात असतो. विहिरीपासून वाफ्यापर्यंत पाणी नेणारा मातीचा तो पाट. दोन्हीकडून माती लावून त्याला बांधलेलं असतं. पाणी अडवायला नाही, वाकडं जाऊ नये म्हणून.

थोरल्याचं थोडक्यात सांगतो, कारण सांगवत नाही. तो जामिनावर सुटला. खटला चालू आहे, तारखा चालू आहेत. भरतीचा फॉर्म त्यानं एकदा भरायला घेतला. दाखल गुन्ह्यांच्या रकान्यापाशी आल्यावर पेन खाली ठेवलं. पहाटे सडकेवर तो आता दिसत नाही.

दोन वर्षं झाली. पुन्हा दिवाळी होऊन गेली, पुन्हा हरभरा बोटभर वर आला. भिंतीवर तेवीस रेघा झाल्या होत्या, दोन राहिल्या होत्या. धाकटा आता अठराच्या पुढं गेलेला, शेजारच्या रानात रोजानं रात्रीचं पाणी द्यायचा. मॅडमकडं जायचं वर्ष कधीच संपलं होतं. गावात नाव तेच होतं.

त्या रात्री लाईन बाराला आली. थंडी अशी की फावड्याचा दांडा हाताला चिकटत होता. म्हातारीनं मोटार चालू केली आणि वाफ्याशी जाऊन बसली. दोनच्या सुमाराला पाण्याचा आवाज बदलला. बॅटरी मारून बघते तर उंदरांनी पोखरलेल्या जागी दंड फुटलेला, आणि पाणी वाफा सोडून खालच्या अंगाला, शेजाऱ्याच्या कापून टाकलेल्या सोयाबीनच्या गंजीकडं निघालेलं. ती फावडं घेऊन धावली. एक ढेकूळ टाकलं, वाहून गेलं. दुसरं टाकलं, तेही गेलं. गुडघ्यात कळ आली आणि ती चिखलात बसली.

बांधापलीकडं कुणाची तरी बॅटरी हलत होती. म्हातारीनं तोंडाशी हात धरला आणि जिवाच्या आकांतानं हाक मारली.

बॅटरी थांबली. दोन वर्षांत मायशिवाय कुणाच्या तोंडून त्यानं ते ऐकलं नव्हतं. म्हातारीनं त्याला त्याच्या नावानं हाक मारली होती.

"आलो आज्जी!"

तो बांध उतरून पळत आला. अंगावरची गोधडी त्यानं फुटलेल्या जागी कोंबली, तिच्यावर पाय देऊन उभा राहिला आणि दोन्ही हातांनी माती ओढू लागला. पाणी पोटऱ्यांना लागत होतं. म्हातारी चिखलात बसल्या बसल्या बॅटरी धरून होती, त्याच्या हातांवर उजेड पडेल अशी.

"हळू," ती म्हणाली. "डाव्या अंगानं घे. डाव्या अंगानं फुटतंय."